तारेतलं खोबरेल

सदू मेस्त्रींनी गाडीच्या वेगाच्या मीटरखालचा नट सैल केला, पकडीनं धरून आतली तार हळूहळू बाहेर ओढली आणि नाकाशी नेली.

“घ्या, वास घ्या,” ते म्हणाले.

वास घ्यायला मला उठायची गरज नव्हती. मी पडवीच्या पायरीवर बसले होते, तिथवर तो आपणहून आला. खवट खोबरेलाचा. वर्षानुवर्षं नळीत बसून काळं झालेलं, धुळीनं माखलेलं, पण खोबरेलच. मी तोंड फिरवलं. मेस्त्रींना वाटलं, मी वासानं तोंड वाकडं केलं.

गाडी दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गेल्या माघात तो गेला. तेव्हापासून पडवीत ही मोटारसायकल उभी आहे आणि घरात मी. दोघीही निवृत्त. मी रत्नागिरीतच सरकारी कचेरीत कारकून होते आणि लोक मला खाष्ट म्हणत. म्हणोत बापडे. आता गाडीला गिऱ्हाईक आलंय. कॉलेजातले एक सर, जुन्या गाड्यांचे हौशी. रविवारी आले, भाट्याच्या पुलापर्यंत फेरी मारून परत आले आणि खूश झाले. फक्त म्हणाले, “काटा फार नाचतो हो बाई. घटकेत वीस, घटकेत पन्नास. तेवढा नीट करून द्या, मी लगेच नेतो.” मी म्हटलं, देते करून. आणि मेस्त्रींना फोन लावला. त्यांचं गॅरेज नाक्यावर आहे, दादाच्या वयाचे, दादाचे दोस्त. मी गाडी चालवत नाही, म्हणून हत्यारांची पिशवी घेऊन तेच घरी आले.

विकायचं मी आधीच ठरवलं होतं. त्या मीटरकडे मला बघवत नाही. का बघवत नाही ते सांगते, पण आधी त्या खोबरेलाचं सांगू द्या.

नरकचतुर्दशीला पहाटे मी वाटीत खोबरेल कोमट करायची. आई होती तोवर तो मान तिचा, नंतर माझा. दादा पाटावर बसायचा, पाठ उघडी टाकून, आणि कुडकुडायचं नाटक करायचा. तेल, उटणं, बंबाचा धूर, आणि बाहेर तुळशीपाशी ठेवलेलं कारीट. अंगठ्याखाली ते फुटलं की पचकन आवाज व्हायचा आणि दादा एवढा बाप्या माणूस असून दरवर्षी उडी मारायचा. वाटीत थोडं तेल उरायचंच. ते उरलेलं तेल तो औषधाच्या जुन्या ड्रॉपरमध्ये ओढून घ्यायचा, मीटरखालचा नट सैल करायचा आणि थेंब थेंब तारेच्या नळीत सोडायचा.

“हिनं काय पाप केलंय? हिलाही अभ्यंग,” असं म्हणायचा.

“अरे, गाडी म्हणजे काय सून आहे का या घरातली?”

“सुनेपेक्षा गुणाची. ही निदान उलट बोलत नाही.”

हा टोमणा मला असायचा. मी तो वाटीसकट घासून टाकायची.

पण खरी गंमत पौषात. आमच्याकडे थंडी ती काय आणि किती! वरच्या देशावरच्या माणसाला हसू येईल. पण एक दिवस सकाळी खिडकीतली खोबरेलाची बाटली थिजलेली दिसायची, पांढरीफेक. वेणी घालायची तर बाटली आधी उन्हात ठेवा. विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसायची. अंगणात कुणीतरी वाळक्या पानांचा पातेरा पेटवलेला असायचा आणि त्याचा धूर वर न जाता माजघरात शिरून बसायचा. अशा दिवशी दादा मला उठवायचा.

“बाय, ऊठ गो. काटा बघूया.”

त्याचीही रीत ठरलेली होती. दादा गाडी डबल स्टँडवर चढवायचा. तरी पुढचं चाक, ज्याच्या फिरण्यानं तार आणि काटा हलतो, जमिनीला टेकलेलंच असे. ते उचलायचं तर मागं कॅरियरवर कुणीतरी बसायला हवं. ती मी. मी शाल गुंडाळून बसले की गाडीचं तोंड वर व्हायचं, आणि दादा पुढं उकिडवा बसून दोन्ही हातांनी चाक फिरवायचा. आता यातली मेख अशी, की पुढं बसलेल्याला मीटर दिसत नाही आणि मागं बसलेलीला पुढचा माणूस दिसत नाही. हँडलच्या खालून नुसता आवाज यायचा.

“नाचतोय का गो?”

“नाचतोय!”

“किती?”

“पाचावर जातो, पंधरावर जातो. थांब थांब, अडकला. सुटला! वीस!”

“मग आला म्हण मोहोर!”

थंडी आधी तारेला कळते, मग कलमांना, असं दादाचं शास्त्र. शहराबाहेर कातळावर आमची आंब्याची चाळीस-एक कलमं होती. काटा नाचला की त्याच सकाळी आम्ही दोघं गाडीवर बसून तिकडं जायचो. चहासुद्धा न घेता. वाटेत काटा वेड्यासारखा उड्या मारायचा आणि दादा मोठमोठ्यानं हसायचा. कातळावरचं गवत वाळून पिवळं झालेलं, त्यावर दव, चालताना पायजम्याचे आणि साडीचे काठ चिंब. दादा फांदी खाली ओढून डोळा बघायचा. डोळा म्हणजे डहाळीचं टोक. ते फुगलेलं असलं, की तो मला बोटानं चाचपायला लावायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, तरी मी “हो, फुगलाय,” म्हणायची. मग पंधरवड्यानं सगळी बाग मोहोराच्या वासानं भरून जायची. तो गोड, जरासा आंबूस, डोकं चढवणारा वास. झाडाखाली उभं राहिलं की पानांवर तुडतुड्यांचा बारीक तडतड आवाज. दादाच्या कपड्यांना महिनाभर तोच वास, आणि मी मागं बसायची म्हणून माझ्या पदराला. कचेरीत शिरले की बायका म्हणायच्या, आली बागायतदारीण.

कचेरीत तोच सोडायचा मला. रोज, साडेनऊला. मी एका बाजूला पाय सोडून बसायची, डबा मांडीवर. संध्याकाळी तोच न्यायला. एवढी वर्षं. गाडीच्या मागच्या सीटवर माझी बाजू खोलगट झाली होती, ती अजून तशीच आहे. परवा मी हात फिरवून बघितला.

माझं लग्न का झालं नाही आणि त्याचं का झालं नाही, तो विषय इथं नको. घराघरात असतं काहीतरी. पण शेजारच्या इंदूकाकूंना विषय लागायचाच. एकदा मी कुंपणाच्या गडग्याअलीकडं कोकमं वाळत घालत होते आणि पलीकडं त्या कुणाला तरी सांगत होत्या, “बहिणीपायी राहिला हो पोरगा. ती पाठीवर बसलेली, मग दुसरी कोण बसणार?” मी कोकमं तशीच टाकून घरात आले. त्यांच्या तोंडावर जाऊन दोन शब्द सुनवायची धमक माझ्यात होती, सगळ्या कचेरीला विचारा. पण सुनवणार काय? खोटं थोडंच बोलत होत्या?

त्या दिवसापासून गाडीवर बसताना मी जरा पुढं सरकून, अंग चोरून बसायला लागले. त्यानं वजन कमी होत नाही हे मला कळत होतं. दादाला मी कधी काही विचारलं नाही. असले प्रश्न विचारायचे नसतात, कारण चांगला माणूस खरं उत्तर देत नाही.

मग माझी चिपळूणला बदली झाली. मी रद्द करून घेऊ शकले असते, आस्थापनेचं टेबल माझ्याच हाताखाली होतं. नाही घेतली. म्हटलं, जरा मोकळा होऊ दे याला. दोन पावसाळे आणि दोन हिवाळे मी तिथं काढले. वाशिष्ठीच्या अंगाला एक खोली. पावसात भिंतींना ओल, हिवाळ्यात नदीवरचं धुकं खिडकीशी. एकटीपुरता भात शिजवायची तेव्हा सवय नव्हती, रोज उरायचा. रविवारी घरमालकांकडं दादाचा फोन यायचा. पौषात त्यानं सांगितलं, “बाय, काटा नाचला गो!”

“मागं कोण बसलं?” मी विचारलं.

“बसला एक जण.”

“कोण?”

“आहे गो. तुला काय करायचंय?”

आणि हसला. इतका हसरा आवाज मी किती दिवसांत ऐकला नव्हता. फोन ठेवला, आणि देवाशपथ सांगते, मला दोन गोष्टी एकदमच वाटल्या. एक, की माझ्या जागेवर कुणीतरी बसलं म्हणून जळफळाट. आणि दुसरं, की बरं झालं, सुटला एकदाचा. दुसऱ्या पौषातही तसाच फोन. तसंच हसणं.

परतीची ऑर्डर आली तीसुद्धा त्याच पौषात. दादा मला न्यायला गाडी घेऊन चिपळूणला आला. ट्रंक एसटीनं पाठवली आणि आम्ही दोघं सकाळीच निघालो. बोचरा गारठा होता. संगमेश्वर गेलं, निवळी गेली, हातखंबा आला. मी त्याच्या खांद्यावरून सारखी मीटरकडं बघत होते. काटा चाळीसवर ठाम. हलेना की डुलेना.

“दादा, काटा नाचत नाही रे?”

“हं. सुधारली गाडी.”

एवढंच. फोनवर तर नाचला म्हणाला होता! म्हणजे माझं मन राखायला खोटं बोलला. मी नव्हते तर गाडीसुद्धा बरी झाली. घरी आले तर मागं बसणारं ‘कुणीतरी’ही कुठं दिसलं नाही. आणि पुढच्याच आठवड्यात काटा पुन्हा नाचायला लागला. पुढच्या वर्षी नाचला, त्याच्या पुढच्या वर्षी नाचला. डबलसीटनं गाडी खिळखिळी होते, हे तर नाक्यावरचं कुणीही सांगेल. मी पहाटे कॅरियरवर बसून “नाचतोय!” असं ओरडायची ती तशीच ओरडत राहिले, पण आतून माझं मन म्हणायचं, बघ, तुझ्यापायी. दादा गेला त्या माघापर्यंत मी हेच म्हणत आले. म्हणून तो मीटर मला नजरेसमोर नको होता. गेलेल्या माणसाला विचारता येत नाही आणि काटा तर रोज उत्तर देतोय, असं झालं होतं.

मेस्त्री तार पेट्रोलमध्ये बुडवून जुन्या फडक्यानं पुसत होते. काळं पाणी निघत होतं.

“माझ्या वजनानंच खराब झाली असेल नाही गाडी?” मी म्हटलं. कसं कोण जाणे, निघून गेलं तोंडातून. इतकी वर्षं दादाला विचारलं नाही ते मेस्त्रींना विचारलं.

मेस्त्रींनी मान वर केली. “वजनानं? काटा वजनानं नाचतो होय? अवो ताई, हे खोबरेल. थंडीत थिजतं. मग तार अडकते नि सुटते, अडकते नि सुटते. त्यापायी काटा नाचतो. दुसरं काय नाय.”

काखेत कळसा म्हणतात तो हा. खिडकीत बाटली थिजलेली, तारेत तेच तेल, तेही माझ्याच वाटीतलं. आणि मी एवढी शहाणी, सगळ्या कचेरीच्या चुका काढणारी!

“मग तुम्ही दादाला सांगितलं का नाही?”

“नाय कसं? पयल्याच वर्षी सांगितलं. तारेला ग्रीस लावतात, खोबरेल नाय, मेल्या! तर मला म्हणतो, गप ऱ्हा. बायला आवडतं. ती उठून बसते पाटेची.” मेस्त्री हसले. “दरवर्षी शिव्या घालायचो मी. तो ऐकतोय होय?”

पण मग तो चाळीसवरचा काटा आठवला. म्हटलं, “मी चिपळूणला होते तेव्हा नाही नाचला तो. न्यायला आला तेव्हा मी डोळ्यांनी बघितलं. कडाक्याची थंडी होती.”

“कसा नाचंल? ग्रीस होतं ना तेव्हा!” मेस्त्रींनी तार उजेडात धरून कुठं वाकलीय का बघितलं. “तुमी गेलात नाय, त्याच पावसात आला दुकानावर. म्हणाला, सदू, ही तार धू आनि ग्रीस भर. मी म्हटलं, अरे वा! आज सूर्य कुठनं उगवला? तर म्हणाला, बाय नाय ना इथं. नाचला तरी बघायचा कुनी?”

मी पायरीवरून उठून गाडीपाशी आले.

“आनि तुमी परत आलात, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. धू म्हणाला. सगळं ग्रीस काढायला लावलंन माझ्याकडनं. वाटी घेऊनच आला होता घरनं. असा खुळा माणूस मी दुसरा बघितला नाय.”

“फोनवर तर मला सांगायचा, नाचला म्हणून. मागं कुणीतरी बसलं म्हणून.”

“कोन बसनार?” मेस्त्री म्हणाले. “दोन वर्षं त्यानं मागं कुनाला बसवलंन नाय. मलापन नाय.”

आधी मला राग आला. अस्सा राग आला! एवढं होतं तर बोलायला काय झालं होतं मेल्याला? माझी एवढी वर्षं अंग चोरून बसण्यात गेली, आणि हा पुढं बसून मजेत शीळ घालत होता. आणि मग मी रडले. पदर तोंडाला न लावता, मेस्त्रींच्या समोर, भोकाड पसरून रडले. दादाला नेलं तेव्हासुद्धा मी अशी रडले नव्हते, तेव्हा लोकांचे चहा बघत होते. मेस्त्री बिचारे तार पुसत बसले. पुसून झाली तरी पुसत बसले.

डोळे पुसून मी आत गेले आणि सरांना फोन केला. म्हटलं, “गाडी द्यायची नाही.” ते म्हणाले, काटा नीट नाही झाला का? मी म्हटलं, “होतोय. पण द्यायची नाही.” आणि ठेवला. खाष्ट म्हणतील, म्हणोत.

बाहेर आले तर मेस्त्री ग्रीसचा डबा बाजूला सारून बसले होते. चेहऱ्यावर हसू. “इकायची नाय ना? मग आना वाटी. खोबरेल घालूया पयल्यासारखं. थंडी पडलीच हाय.”

खिडकीतली बाटली मी येतानाच बघितली होती. थिजली होती. यंदा दिवाळीला मी एकटीनंच डोक्याला दोन बोटं तेल लावलं आणि वाटीत उरलं ते उरलंच.

“नको,” मी म्हटलं. “ग्रीस भरा.”

“आता? आता कशाला? आता तर कळलं ना तुमाला सगळं?”

“दादा नाही ना इथं.”

मेस्त्रींनी डबा पुढं ओढला. वरची चार बोटं कोरडी ठेवून बाकीच्या तारेला त्यांनी ग्रीस लावलं. वरपर्यंत लावलं तर मीटरमध्ये चढतं, असं सांगितलं. तार नळीत घातली, खाली चाकाशी बसवली, वर नट आवळला. गाडी डबल स्टँडवर चढवली. मग जरा घुटमळले.

“ताई, चाक उचलाया कुनीतरी मागं बसाया होवं.”

मी शाल घेऊन आले आणि कॅरियरवर बसले. गाडीचं तोंड वर झालं. मेस्त्री पुढं उकिडवे बसले आणि हँडलखाली दिसेनासे झाले. चाक फिरल्याचा आवाज आला, तोच, टायरच्या वाऱ्याचा. काटा शून्यावरून उठला, पंधरापर्यंत गेला आणि तिथं थांबला.

खालून आवाज आला, “नाचतोय का?”

कुणाचा आवाज ते मला माहीत होतं. तरी चाक फिरत होतं तोवर मी काट्याकडं बघत राहिले.

“नाही,” मी म्हटलं. “नाही नाचत.”